फिट येते आणि बोलणंही मागे पडतंय: मुलाच्या मेंदूच्या तपासण्या कोणत्या, कधी, कशा

एमआरआय नॉर्मल आला की घरातले सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पण ज्या मुलाला फिट येतात आणि सोबत बोलणंही घसरत चाललंय, त्याच्या बाबतीत ही सुटका बऱ्याचदा घाईची ठरते. लहान मुलांच्या भाषेवर थेट घाला घालणारा अपस्मार (फिट येण्याचा आजार) म्हणजे लँडाऊ-क्लेफ्नर सिंड्रोम, आणि तो एमआरआयमध्ये बहुतेक वेळा दिसतच नाही. तो सापडतो झोपेतल्या ईईजीत, म्हणजे मेंदूतली वीज टिपणाऱ्या तपासणीत. उलट ज्या मुलाला कधीच फिट आलेली नाही, तपासणीत बाकी सगळं ठीक आहे आणि फक्त बोलायला उशीर होतोय, त्याला भूल देऊन एमआरआय काढला तरी सहसा हाती काही लागत नाही. तपासणी किती भारी आहे याला फारसा अर्थ नाही. तिला आपण कोणता प्रश्न विचारतोय, यावर सगळं अवलंबून असतं.

हा लेख पालकांसाठी आहे, स्पीच थेरपिस्टसाठी आहे आणि या विषयात अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही आहे. अनुभवी टीम ज्या क्रमाने पुढे जाते तोच क्रम इथे ठेवला आहे. भाषेच्या एफएमआरआयचा (काम करताना मेंदूचा कोणता भाग चालतो ते दाखवणाऱ्या एमआरआयचा) भाग मुद्दाम लांब लिहिला आहे, कारण मराठीत त्यावर वाचायला फारसं काही मिळत नाही.

पायरी १: मशीनकडे जाण्याआधी

सगळ्यात उपयोगी कॅमेरा तुमच्या खिशातच असतो. फिट आली की मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका (कांदा, चप्पल हुंगवण्याचे प्रकारही नकोत), आणि दुसऱ्या कुणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा. चेहरा आणि दोन्ही हात फ्रेममध्ये हवेत. पांघरूण बाजूला करा, दिवा लावा. मान कुठल्या बाजूला वळली, आधी कुठला हात झटकायला लागला, ओठ एका बाजूला ओढले गेले का, हे त्या चित्रणातून कळतं. फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली तर मात्र चित्रण राहू द्या आणि दवाखाना गाठा.

भाषेच्या दृष्टीने खरी माहिती फिट थांबल्यावर मिळते. मूल डोळे उघडून तुमच्याकडे बघायला लागलं की त्याला एखादी ओळखीची वस्तू दाखवून नाव विचारा, मग "हात वर कर" असं सांगा. सांगितलेलं ऐकतंय, ओळखही पटलीय, पण काही मिनिटं शब्दच फुटत नाही, असं दर वेळी होत असेल तर फिट मेंदूच्या भाषेच्या बाजूला सुरू होत असण्याची शक्यता वाढते. हे डॉक्टरांना नक्की सांगा. पुढे शस्त्रक्रियेचा विषय निघाला तर या साध्या निरीक्षणाला फार किंमत येते.

दुसरं काम जुन्या व्हिडिओंचं. वाढदिवस, गणपती, आजीशी केलेला व्हिडिओ कॉल, असं जे सापडेल ते तारखेनुसार लावा. इथे एक महत्त्वाचा फाटा फुटतो. भाषा आलीच नाही, की आली होती आणि गेली? तीन वर्षांचा असताना "बाबा, मला पण गाडीत यायचंय" म्हणणारा मुलगा पाच वर्षांचा झाल्यावर दोन शब्दांवर आला असेल, तर त्याला 'उशिरा बोलणारा' म्हणून घरी पाठवणं चूक आहे. त्याला लवकरात लवकर बालन्यूरोलॉजिस्टकडे न्यायला हवं, मग फिट दिसलेली असो वा नसो.

तिसरं, कान. आधी ऑडिओमेट्री किंवा बेरा, म्हणजे ऐकू येतं का याची तपासणी. लँडाऊ-क्लेफ्नरचं मूल हाक मारली तरी वळत नाही, टीव्हीचा आवाज वाढवला तरी ढिम्म, आणि घरच्यांना वाटतं बहिरं झालं. तपासणीत मात्र कान ठणठणीत निघतात. आवाज मेंदूपर्यंत पोचतोय, पण शब्दांचा अर्थ लागत नाहीये. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ऐकण्या-बोलण्याच्या अशा तपासण्या होतात. जिल्ह्याच्या ठिकाणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातून सुरुवात करता येते.

काही मुलांना मशीनची गरजच नसते, हेही इथेच सांगून टाकतो. सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापासोबत आलेली, सगळं अंग झटकणारी, पंधरा मिनिटांच्या आत थांबलेली आणि चोवीस तासांत एकदाच आलेली साधी तापाची फिट असेल, तर ना ईईजी लागते, ना एमआरआय. शाळेत बसल्या बसल्या काही सेकंद शून्यात बघणाऱ्या मुलाच्या ईईजीत सेकंदाला तीन या वेगाच्या ठरावीक लहरी दिसल्या आणि बाकी तपासणी ठीक असली, तर त्यालाही एमआरआय सहसा लागत नाही.

पायरी २: ईईजी, आणि तीही झोपेतली

ईईजी म्हणजे डोक्याच्या त्वचेवर तारा लावून मेंदूतली वीज टिपणं. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने माणसाच्या ईईजीवरचा पहिला लेख १९२९ साली छापला. तंत्र जुनं, पण या विषयात आजही त्याला पर्याय नाही. कारण इथला बिघाड अनेकदा मेंदूच्या रचनेत नसतो, विजेच्या वागणुकीत असतो.

१९५७ साली अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये विल्यम लँडाऊ आणि फ्रँक क्लेफ्नर यांनी सहा मुलांचं वर्णन केलं. नीट बोलणाऱ्या मुलांची भाषा गेली होती आणि त्यांच्या ईईजीत अपस्माराच्या खुणा होत्या. साधारण तीन ते सात या वयात हा आजार सुरू होतो. बऱ्याच मुलांना फिट येतात, पण सगळ्यांना नाही, आणि ज्यांना येतात त्यांनाही त्या तुरळकच येतात. पुढे १९७१ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट दाखवली. काही मुलांच्या मेंदूत गाढ झोप लागताच स्पाइक (टोकदार लहरी) आणि संथ लहरींचा अखंड सपाटा सुरू होतो, आणि मूल जागं झालं की तो ओसरतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात लँडाऊ-क्लेफ्नर याच गटात धरला आहे. काही मुलांमध्ये त्यामागे ग्रिन-२-ए या जनुकातला बदल असतो, हे २०१३ पासून माहीत आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की दुपारी बारा वाजता, टक्क जाग्या मुलाची वीस मिनिटांची ईईजी करून "नॉर्मल आहे" म्हटलं, तर त्या नॉर्मलला या प्रश्नापुरती काही किंमत नाही. चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या: झोपेतली ईईजी, गाढ झोपेचा भाग पकडलेली, शक्यतो व्हिडिओसह. जमल्यास रात्रभराची. रात्रीचं जमत नसेल तर निदान दुपारची एक पूर्ण झोप तरी हवीच.

मुलाला झोपवणं हे घरच्यांचं काम. आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा. किती उशिरा आणि किती लवकर ते वयानुसार केंद्रातून विचारून घ्या, कारण जास्त जागरणानेही फिट येऊ शकते. प्रवासात गाडीत डोळा लागू देऊ नका. दवाखान्यात पोचेपर्यंत झोप होऊन गेली की सगळी मेहनत वाया. केस आदल्या दिवशी शांपूने धुवा आणि खोबरेल तेलाचा एक थेंबही लावू नका. तेलकट त्वचेवर तार धरत नाही आणि रेकॉर्डिंगभर खरखर येत राहते. मुलीची घट्ट वेणी घालू नका. नेहमीची गोधडी, उशी, दुधाची बाटली बरोबर न्या. तारा लावायला अर्धा तास सहज जातो. डोक्यावर पेनाने मापं काढतात, एकेक जागा घासून पेस्ट लावतात, त्यात मूल वैतागतं. आईच्या मांडीवर बसवून तारा लावून द्यायला टेक्निशियन सहसा तयार असतात, फक्त विचारायला हवं. झोपेसाठी बऱ्याच ठिकाणी ट्रायक्लोफॉसचं सरबत देतात, काही ठिकाणी मेलॅटोनिन. मिडाझोलाम किंवा तत्सम गुंगीचं औषध दिलं तर ईईजीतल्या लहरीच बदलतात, त्यामुळे काय दिलं हे रिपोर्टवर यायला हवं. फिटची रोजची औषधं मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायची नाहीत.

मूल जागं असताना त्याला तीनेक मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. घरून भिरभिरं न्या. "फिरव बघू, थांबू द्यायचं नाही" एवढं सांगितलं की चार वर्षांचं पोरही मन लावून फुंकतं.

रिपोर्ट हातात आला की शेवटची ओळ वाचून थांबू नका. मूल झोपलं होतं का आणि गाढ झोप मिळाली का, हे आधी बघा. मग स्पाइक कुठे आहेत ते बघा. कानाच्या वरच्या भागात, म्हणजे टेम्पोरल किंवा सेंट्रोटेम्पोरल असं लिहिलेलं असेल तर भाषेच्या दृष्टीने ते महत्त्वाचं. एका बाजूला की दोन्हीकडे, हेही पाहा. आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे गाढ झोपेचा किती टक्के वेळ या लहरींनी व्यापला आहे. पूर्वी ८५ टक्क्यांची अट असायची. आता ५० टक्क्यांच्या पुढे गेलं तरी गांभीर्याने घेतात, आणि टक्केवारीइतकंच मुलाचं बोलणं-शिकणं घसरतंय का याला वजन देतात. हा आकडा रिपोर्टमध्ये नसेल तर मागून घ्या.

एक धोक्याची सूचना. सेंट्रोटेम्पोरल स्पाइक दिसले म्हणजे लँडाऊ-क्लेफ्नर झालं असं नाही. शाळकरी वयात झोपेत तोंडाची एक बाजू ओढली जाणारी, लाळ गळणारी, घशातून आवाज काढणारी जी फिट असते, तिच्यातही हेच स्पाइक असतात. तो अपस्मार पौगंडावस्थेपर्यंत आपोआप थांबतो. या मुलांपैकी काहींना वाचन-लेखनात आणि शब्द आठवण्यात थोडी अडचण येते, म्हणून भाषेची चाचणी करून घ्यावी, पण घाबरून जाऊ नये. झोपेत लहरींचा सपाटा असेल आणि भाषा खरोखर जात असेल, तर मात्र उपचाराची दिशा बदलते. कार्बामॅझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन यांसारखी औषधं काही मुलांत हा सपाटा वाढवू शकतात, तर स्टेरॉइड आणि क्लोबाझामसारखी औषधं वापरली जातात. हा निर्णय सर्वस्वी न्यूरोलॉजिस्टचा. नेटवर वाचून औषध थांबवलं तर फिटचा सलग झटका येऊ शकतो.

पायरी ३: एमआरआयची मागणी नीट लिहून घ्या

'एमआरआय ब्रेन' एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीवर सर्वसाधारण स्कॅन होतो. त्यात पाच-पाच मिलिमीटर जाडीचे काप असतात. अपस्मारात शोधायची गोष्ट कधी कधी त्याहून लहान असते, दोन घड्यांच्या तळाशी दडलेली आणि मेंदूच्या सालीची जडणघडण बिघडलेली. तिला फोकल कॉर्टिकल डिस्प्लेजिया म्हणतात. म्हणून २०१९ साली आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने हार्नेस नावाचा, चित्रांच्या प्रकारांचा किमान संच सुचवला: एक मिलिमीटर जाडीचा त्रिमितीय टी-१, तसाच त्रिमितीय फ्लेअर, आणि हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतल्या आठवणींशी जोडलेल्या भागाच्या) लांबीला काटकोनात घेतलेला बारीक टी-२. चिठ्ठीवर 'एपिलेप्सी प्रोटोकॉल' हे शब्द हवेत आणि सोबत ईईजीत संशय कुठे आहे तेही हवं. "डावा टेम्पोरल, बोलणं घसरलंय" एवढं लिहिलं तरी रेडिओलॉजिस्टची नजर योग्य जागी जाते. ३ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीन मिळालं तर उत्तम, पण चुकीचा प्रोटोकॉल चालवलेल्या ३ टेस्लापेक्षा नीट केलेला १.५ टेस्ला केव्हाही बरा. काँट्रास्ट इंजेक्शन सगळ्यांना लागत नाही. गाठ, संसर्ग किंवा स्टर्ज-वेबरचा (मेंदूवरच्या रक्तवाहिन्यांचा जन्मजात आजार) संशय असेल तर लागतं.

वयाचाही मुद्दा आहे. पहिल्या दोन वर्षांत मेंदूतल्या तंतूंवर मायलिनचं आवरण चढत असतं आणि त्या काळात साल आणि आतला भाग यांतला फरक चित्रात पुसट होतो. म्हणून दहाव्या महिन्यात नॉर्मल आलेला एमआरआय, फिट चालूच राहिल्या तर दोन-अडीच वर्षांचं झाल्यावर पुन्हा करावा लागतो. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा सांगितला तर लगेच शंका घेऊ नका.

आपल्याकडच्या मुलांत दोन गोष्टी वारंवार सापडतात. एक म्हणजे न्यूरोसिस्टिसरकोसिसची छोटी कडी. पट्टकृमीच्या अळीभोवती सूज येऊन ती तयार होते. ही कडी सीटी स्कॅनमध्येही दिसते, बहुतेकदा दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असते आणि क्षयाच्या गाठीपासून तिला वेगळं काढावं लागतं. दुसरी म्हणजे जन्मल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत रक्तातली साखर फार उतरल्याने मेंदूच्या मागच्या भागावर उठलेले व्रण. म्हणून बाळंतपणाची फाइल, बाळ काचेच्या पेटीत होतं का, दूध कधी सुरू झालं, हे सगळं रेडिओलॉजिस्टपर्यंत पोचू द्या.

लहान मुलांना बहुधा भूल द्यावी लागते. नेहमीचा नियम असा: जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, अंगावरचं दूध चार तास, पाणी दोन तास. सर्दी-खोकला असेल तर आधीच फोन करून कळवा, भूलतज्ज्ञ तारीख पुढे ढकलतील. धातूची यादी आपल्याकडे अंमळ मोठीच असते: चांदीचे वाळे, करदोट्याला ओवलेला मणी, कमरेची साखळी, तावीज, कानातली बारीक बाळी, झबल्याची सेफ्टी पिन, केसातली क्लिप. आई आत सोबत जाणार असेल तर मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, पिना, सगळं बाहेर. मुलाला ऐकण्यासाठीचं कॉक्लिअर इम्प्लांट किंवा फिट कमी करणारं व्हेगस नर्व्हचं यंत्र बसवलेलं असेल तर नाव नोंदवतानाच सांगा. पाच-सहा वर्षांपुढच्या मुलाला बऱ्याचदा भुलेशिवाय जमतं. मशीनच्या ठकठकीचा आवाज आधी मोबाइलवर ऐकवा, पलंगाखाली घुसून 'पुतळा' होण्याचा खेळ आठवडाभर खेळा.

फिल्मपेक्षा सीडी महत्त्वाची. डायकॉम स्वरूपातली चित्रं मागा, कारण दुसरं मत घेताना किंवा शस्त्रक्रियेचं नियोजन करताना तीच लागतात. पहिल्यांदा 'नॉर्मल' म्हटलेला एमआरआय अपस्माराचा जाणकार रेडिओलॉजिस्ट ईईजी शेजारी ठेवून पुन्हा वाचतो, तेव्हा कधी कधी त्यातच घाव सापडतो.

पायरी ४: या मुलाची भाषा मेंदूत आहे कुठे?

हा प्रश्न सगळ्यांना विचारायचा नसतो. औषधांनी फिट आटोक्यात येत नाहीत, घाव एका जागी आहे आणि तो काढण्याचा विचार चाललाय, तेव्हा भाषा कुठे आहे हे कळल्याशिवाय सर्जन पुढे जात नाही. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत, दिल्लीच्या एम्समध्ये, मुंबईतल्या केईएममध्ये अपस्माराची शस्त्रक्रिया होते. अशा ठिकाणी हे काम टीमने बसून होतं.

उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेक माणसांची भाषा डाव्या मेंदूत असते. १९७७ साली रासमुसेन आणि मिलनर यांनी मॉन्ट्रियलच्या रुग्णांचा हिशेब मांडला. लहानपणी डाव्या मेंदूला इजा न झालेल्यांपैकी ९६ टक्के उजव्यांची आणि ७० टक्के डावखुऱ्यांची भाषा डावीकडे निघाली. लहानपणीच इजा झालेल्यांत हे गणित बरंच बदलतं. त्यांनी वापरलेली वाडा चाचणी अशी: मांडीच्या धमनीतून नळी मेंदूकडे नेऊन एका बाजूला औषध सोडायचं, काही मिनिटं ती बाजू झोपते, तेवढ्यात मूल बोलू शकतंय का पाहायचं. आठ वर्षांच्या मुलाला अशा अवस्थेत प्रश्न विचारून विश्वासार्ह उत्तर मिळवणं किती अवघड असेल याची कल्पना करा. २०१७ साली अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने टेम्पोरल अपस्मारात भाषेची बाजू ठरवायला वाडाऐवजी एफएमआरआयचा पर्याय मान्य केला. तेव्हापासून बहुतेक मुलांची वाडापासून सुटका झाली आहे.

एफएमआरआय चेतापेशींची वीज मोजत नाही. काम करणाऱ्या भागाकडे रक्त जास्त जातं, त्यातल्या ऑक्सिजनमुळे चुंबकीय संकेत किंचित बदलतो, तो बदल हे मशीन पकडतं. सेइजी ओगावा यांनी १९९० साली हे तत्त्व मांडलं. हा बदल एक-दोन टक्क्यांचा असतो आणि काम सुरू झाल्यावर चार-सहा सेकंदांनी शिखर गाठतो. म्हणून मूल अर्धा मिनिट काम, अर्धा मिनिट आराम, असं पाचेक मिनिटं आलटून पालटून करतं.

इथे काम म्हणजे भाषेचं काम, आणि ते मुलाच्या भाषेत हवं. इंग्रजी संचाचं जसंच्या तसं भाषांतर चालवणं ही आपल्याकडची सगळ्यात मोठी गफलत आहे असं माझं मत आहे. जगभर वापरलं जाणारं एक काम घ्या: नाम ऐकायचं आणि मनातल्या मनात क्रियापद शोधायचं. 'सुरी' म्हटलं की 'कापणं'. छान. पण 'पंखा', 'टीव्ही', 'पावडर', 'कुलूप' असे शब्द दिले तर मराठी मूल चारही वेळा 'लावणं' म्हणून मोकळं होतं. 'फोन', 'आंघोळ', 'अभ्यास' यांना 'करणं'. एकदा ही युक्ती सापडली की शोधाशोध संपते आणि मेंदूला कामच उरत नाही. म्हणून असे शब्द वगळून 'झाडू', 'चेंडू', 'पतंग', 'बी', 'दोरी' यांसारखे शब्द निवडायचे, ज्यांना स्वतःचं क्रियापद आहे, आणि यादी आधी त्याच वयाच्या निरोगी मुलांवर मोठ्याने चालवून पाहायची. दहापैकी आठ मुलं 'करणं'वर जात असतील तर तो शब्द बाद.

दुसरं काम ऐकून समजण्याचं. "लांब सोंड असलेला प्राणी म्हणजे हत्ती", "पावसात डोक्यावर धरतात ती विळी". बरोबर असेल तेव्हा बटण दाबायचं. तुलनेसाठी तीच वाक्यं उलटी वाजवायची, म्हणजे आवाज तितकाच पण अर्थ नाही. या कामाचा फायदा असा की बटणाच्या नोंदीवरून मूल लक्ष देतंय की झोपलंय ते कळतं. मनातल्या मनात करायच्या कामात ते कळत नाही. दोन वेगळी कामं लावलीच पाहिजेत: एक पुढच्या, बोलण्याच्या भागासाठी आणि एक मागच्या, समजण्याच्या भागासाठी.

घरची बोली विचारा. मूल घरी अहिराणी किंवा मालवणी बोलत असेल आणि वाक्यं छापील पुस्तकी असतील, तर निकालात आजार दिसतोय की परकेपणा, हे सांगता येणार नाही. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला, किंवा दुबई-न्यू जर्सीतल्या मराठी घरातल्या मुलाला, कुठल्या भाषेत जास्त सहज बोलता येतं ते आईवडिलांना विचारून नव्हे तर चाचणी घेऊन ठरवा. वाक्यं ओळखीच्या वळणाच्या आवाजात रेकॉर्ड करा. मशीनच्या गोंगाटात कुजबुजता आवाज कामाचा नाही.

मग सराव. नकली स्कॅनर असेल तर उत्तम, नसेल तर पुठ्ठ्याचा बोगदाही चालतो. काम मशीनबाहेर इतकं घोटून घ्या की आत गेल्यावर समजावण्याची वेळ येऊ नये. आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी फिट आली असेल तर तपासणी पुढे ढकलणं शहाणपणाचं. थकलेल्या भागाचा संकेत दबतो आणि भाषा भलत्याच बाजूला असल्याचा भास होतो. विश्लेषणात डोक्याची हालचाल हा पहिला शत्रू. एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त सरकलेली चित्रं बहुतेक गट बाजूला काढतात. त्यानंतर उरलेला डेटा पुरेसा नसेल तर तपासणी पुन्हा करायची, ओढूनताणून निष्कर्ष काढायचा नाही.

बाजू ठरवायला लॅटरॅलिटी इंडेक्स काढतात: डावीकडची हालचाल वजा उजवीकडची, भागिले दोन्हींची बेरीज. साधारण अधिक ०.२ च्या वर असेल तर डावी, उणे ०.२ च्या खाली असेल तर उजवी, मध्ये असेल तर दोन्हीकडे. हा आकडा उंबरठा (किती बदल झाला की तो मोजायचा ती मर्यादा) कुठे धरला त्यानुसार हलतो, म्हणून वेगवेगळ्या उंबरठ्यांवर काढून तो टिकतो का पाहा. आणि एफएमआरआयवर रंग दिसला म्हणजे तो भाग भाषेसाठी अत्यावश्यकच आहे असं नाही, रंग दिसला नाही म्हणजे तो कापायला मोकळा असंही नाही. बाजू सांगायला ही तपासणी चांगली आहे, सीमारेषा आखायला अपुरी. सीमारेषेसाठी शेवटी मेंदूवर थेट इलेक्ट्रोड ठेवून, हलका विद्युतप्रवाह देऊन, बोलणं अडतं का ते पाहावं लागतं.

लहानपणी डाव्या मेंदूला इजा झाली की भाषा उजवीकडे सरकते, असं सरधोपट सांगितलं जातं. फ्रेडरिक लिएज्वा आणि सहकाऱ्यांनी २००४ साली लंडनमध्ये अशा मुलांचे एफएमआरआय पाहिले, तेव्हा ब्रोकाच्या भागाला (मेंदूच्या पुढच्या बाजूचा बोलण्याचा भाग) अगदी खेटून घाव असलेल्या मुलांतही भाषा घावाच्या कडेला, डावीकडेच तग धरून असलेली आढळली. म्हणजे अंदाजावर भागत नाही, प्रत्येक मुलाचं वेगळं पाहावं लागतं. दुसऱ्या टोकाचं उदाहरणही लंडनचंच. स्टर्ज-वेबरमुळे जवळजवळ न बोलणाऱ्या एका मुलाचा डावा मेंदू साडेआठ वर्षांचा असताना काढला, आणि औषधं बंद झाल्यावर नवव्या वर्षाच्या सुमारास तो बोलायला लागला. फराने वर्गा-खादेम यांच्या गटाने १९९७ मध्ये हे प्रसिद्ध केलं. सततच्या फिट भाषेला किती दाबून ठेवतात ते यातून कळतं.

पायरी ५: बाकीची यंत्रं, थोडक्यात

एफडीजी-पेटमध्ये साखर कमी वापरणारा भाग दिसतो, एमआरआय स्वच्छ असताना तो कामी येतो. इंजेक्शनच्या वेळी फिट चालू असेल तर चित्र उलटं येऊ शकतं, म्हणून ईईजी लावून करणं चांगलं. स्पेक्टमध्ये फिटच्या वेळी मेंदूत रक्त कुठे जास्त जातं ते दिसतं, आणि इंजेक्शन फिट सुरू होताच काही सेकंदांत द्यावं लागतं. त्यासाठी मूल वॉर्डात आणि नर्स सुई तयार ठेवून शेजारी. एमईजी चुंबकीय क्षेत्र मोजतं, स्पाइकची जागा आणि भाषेची बाजू दोन्ही सांगतं, पण भारतात मोजक्याच ठिकाणी आहे. बंगळूरची निम्हान्स त्यांपैकी एक. डीटीआय, म्हणजे मेंदूतल्या तंतूंचा नकाशा, वेगळ्या मशीनवर होत नाही, एमआरआयमध्येच जास्तीची काही मिनिटं. भाषेचे पुढचे-मागचे भाग जोडणारी आर्क्युएट पट्टी त्यात आखता येते.

फक्त भाषेची अडचण असलेल्या मुलांचा अभ्यास करायचा असेल तर

ज्या मुलांना फिट नाहीत, ऐकू येतं, आणि तरी भाषा मागे आहे, त्यांच्या मेंदूच्या चित्रांत गटागटांची तुलना केल्यावर फरक दिसतात, पण एका मुलाचं चित्र पाहून निदान होत नाही. लंडनच्या केई कुटुंबाचं उदाहरण प्रसिद्ध आहे: २००१ मध्ये फॉक्सपी-२ जनुकातला दोष सापडला, २००३ च्या एफएमआरआय अभ्यासात ब्रोकाच्या भागात कमी हालचाल दिसली. तेवढं स्वच्छ चित्र इतर मुलांत क्वचितच मिळतं. असा प्रकल्प आखताना एक झोपेतली ईईजी जरूर ठेवा, नाहीतर न दिसणारा अपस्मार असलेली मुलं तुमच्या गटात मिसळतील. संशोधनासाठी भूल देऊ नका. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पालकांच्या संमतीसोबत सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी होकार घ्यावा लागतो. मूल आत जाऊन "नको" म्हणालं की स्कॅन तिथेच थांबवायचा.

रिपोर्ट जमल्यावर

एका फायलीत तारखेनुसार ईईजी, एमआरआयची सीडी, फिटची वही, औषधांचे डोस आणि भाषेच्या चाचण्या लावा. शेवटची गोष्ट बहुतेक फायलींत नसते. उपचार सुरू होण्याआधी स्पीच थेरपिस्टकडून एक पूर्ण चाचणी करून घ्या: समजणं, बोलणं, वस्तूंची नावं, वाक्यं परत म्हणणं. झोपेतली ईईजी सुधारली म्हणजे भाषा परत आली असं नसतं, दोन्हींचा वेग वेगळा असतो. लँडाऊ-क्लेफ्नरमध्ये फिट आणि स्पाइक वयात येईपर्यंत बहुतेकांचे थांबतात, भाषेचं नुकसान मात्र काहींत कायम राहतं. म्हणून थेरपी रिपोर्टची वाट पाहत थांबवू नका. शब्द ऐकून अर्थ लागत नसेल तर चित्रं, खुणा आणि लिहिलेले शब्द लगेच सुरू करा, आणि शाळेला लेखी कळवा की मूल हट्टी किंवा बहिरं नाही. पुढची ईईजी ठरेल त्याच आठवड्यात भाषेची चाचणीही ठेवा, तीच साधनं आणि शक्यतो तीच थेरपिस्ट, म्हणजे औषध बदलायचं की नाही हे ठरवताना डॉक्टरांसमोर दोन्ही कागद एकाच तारखेचे असतील.